चेहरा हुबेहूब उतरत नाही; एकट्याने शिकणाऱ्याने चुका पकडायच्या कशा?

घोटीव:

नमस्कार मंडळी. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. व्हिडिओ बघत, इकडचं तिकडचं वाचत शिकतोय. पेन्सिलने चेहरे काढतो, तेही फोटोवरून. शेडिंग बऱ्यापैकी जमतं. केस, डोळ्यांतली चमक, कपड्यांच्या चुण्या यांचं लोक कौतुक करतात. पण ज्याचा चेहरा काढलाय तो माणूस काही त्यात येत नाही. त्याचा चुलतभाऊ वाटतो.

टेबलावर काढताना सगळं ठीक दिसतं. संपल्यावर भिंतीला टेकवून लांबून पाहिलं की चेहरा लांबट झालेला असतो आणि डोकं वरून कापल्यासारखं. कुठे बिघडलं ते कळत नाही. घरच्यांना विचारलं तर ‘मस्त आलंय’. ऑनलाइन टाकलं तर अंगठे आणि बदाम. एकाने ‘प्रमाण चुकलंय’ एवढंच लिहिलं. कशाचं प्रमाण, कुठे, काही नाही.

सरावात कसूर नाही. पण गेल्या वर्षीची वही आणि यंदाची वही शेजारी ठेवली तर फरक फक्त शेडिंगमध्ये दिसतो. गुरू नसताना आपल्या चुका आपणच पकडायच्या कशा? आणि लोकांकडून ‘छान’च्या पलीकडचं काही हवं असेल तर विचारायचं कसं? एक चित्र आणि त्याचा मूळ फोटो सोबत जोडलाय. बिनधास्त बोला, वाईट वाटून घेणार नाही.

रेघोट्या:

शेडिंग भारी आहे राव! एवढं येतंय म्हणजे बाकीचंही येईल. रोज काढत राहा, हात आपोआप बसतो. जास्त विचार करू नका.

काटकोन:

रेघोट्या, त्यांचा हात बसलेलाच आहे. तो केसांचा भाग मोठा करून पाहा, बट कुठून निघते आणि कुठे वळते ते किती सफाईने काढलंय. नजर बसायची आहे, आणि ती आपोआप बसत नाही. चुकीच्या जागी डोळे काढण्याचा रोज सराव केला तर डोळे चुकीच्या जागी काढण्यातच माणूस तरबेज होतो.

घोटीव, मीही कुठल्या कलाशाळेत गेलेली नाही, त्यामुळे पुढचं सगळं स्वतः करून पाहिलेलं आहे. चित्र आणि फोटो दोन्ही नीट पाहिले. आधी तुमच्या लांबट चेहऱ्याचं बघू, कारण त्याचा तुमच्या कौशल्याशी फारसा संबंध नाही. तुम्ही कागद टेबलावर आडवा ठेवून काढता ना? मग कागदाची वरची कड डोळ्यांपासून लांब असते आणि खालची जवळ. तिरक्या नजरेला कागद उंचीत आखूड दिसतो. तो आखूडपणा भरून काढायला हात नकळत सगळं उभं ताणतो. टेबलावर बसून पाहता तेव्हा हिशेब जुळतो, भिंतीला टेकवलं की ताण उघडा पडतो. उपाय फुकटचा आहे. एखादी पाटी किंवा जाड पुठ्ठा घ्या, खालची कड मांडीवर, वरची टेबलाच्या कडेला टेकवा. नजर कागदावर साधारण काटकोनात पडली पाहिजे. फोटोसुद्धा शेजारी त्याच कोनात उभा हवा. फोटो फोनवर आडवा आणि कागद उभा असं केलंत तर तोच घोटाळा उलट्या बाजूने होईल.

आता कापलेलं डोकं. सरळ समोर पाहणाऱ्या मोठ्या माणसाचे डोळे कवटीच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. तुमच्या चित्रात वरून एक तृतीयांशावर आहेत. बहुतेक सगळ्यांचं असंच होतं, कारण आपलं लक्ष डोळे-नाक-तोंड या मोहल्ल्यात रमतं. कपाळ आणि त्यावरची केसांखालची कवटी म्हणजे ओसाड जागा, तिथे बघण्यासारखं काही नाही, म्हणून ती कमी काढली जाते. फोटोवर पट्टी ठेवा, माथा ते बाहुली आणि बाहुली ते हनुवटी ही दोन अंतरं मोजा. मग आपल्या चित्रावर तेच करा. ‘प्रमाण चुकलंय’ म्हणणाऱ्याला बहुधा हेच म्हणायचं होतं.

पण हे मी सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. पुढच्या चित्राला मी नसेन. म्हणून चूक स्वतः पकडण्याची माझी रीत सांगते.

फक्त बाह्यरेषा आणि मुख्य जागा मांडून झाल्या की थांबायचं. शेडिंगचा एक फराटाही नाही. उठून जरा दुसरं काही करायचं. परत आल्यावर चित्र आरशात बघायचं, किंवा फोनवर त्याचा फोटो काढून आडवा उलटा करायचा. हा जुना उपाय आहे, लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांमध्येही चित्रकाराने सपाट आरसा जवळ ठेवावा आणि मधून मधून कामापासून दूर जावं असा सल्ला आहे. उलट्या चित्राची डोळ्यांना सवय झालेली नसते, त्यामुळे एका बाजूला कललेला जबडा किंवा वरखाली झालेले डोळे लगेच टोचतात.

त्यानंतरची पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच आहे. चित्राचा फोटो मूळ फोटोवर अर्धपारदर्शक करून ठेवायची सोय बहुतेक ड्रॉइंग ॲपमध्ये असते. ती वापरायचीच, पण त्याआधी कागदाच्या कडेला आपला अंदाज लिहायचा: ‘नाक लांब वाटतंय’, ‘डावा डोळा बाहेर गेलाय’. लिहून झाल्यावरच एकावर एक ठेवून बघायचं. दोन्ही बाहुल्या बाहुल्यांवर जुळवायच्या आणि बाकीचं कुठे कुठे सरकलंय ते पाहायचं. अंदाज बरोबर आला तर नजर तयार होतेय. अंदाजात नव्हतं आणि ॲपने दाखवलं, ते तुमच्या नजरेतलं भोक. थेट ॲपवर टाकलंत तर ॲपला चूक कळते, तुम्हाला नाही.

चित्राचा फोटो काढताना फोन कागदाला समांतर धरा, थोडं लांबून, झूम करून. जवळून, तिरका काढलात तर भलतीच चूक शोधत बसाल.

सापडलेल्या चुका वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. खोडून दुरुस्त करण्यापेक्षा नवीन कागदावर पुन्हा मांडणी करा, अगदी छोटी, तळहाताएवढी. थोड्याच दिवसांत त्या शेवटच्या पानावर तेच तेच नाव येताना दिसेल. कुणाचं नाक कायम लांब, कुणाचा तिरप्या चेहऱ्यातला पलीकडचा डोळा कायम मोठा. चुका हौसेने वाटेल तशा होत नाहीत, प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात. आपली कळली की पुढच्या वेळी पेन्सिल टेकवण्याआधीच तिथे दोनदा मोजता येतं.

मोजायचं कसं हेही सांगते, कारण व्हिडिओत ते फार घाईत उरकतात. एक माप पक्कं धरा, समजा एका डोळ्याची रुंदी. पुस्तकी नियम सांगतो की दोन डोळ्यांच्या मधे अजून एक डोळा मावतो. तुमच्या फोटोतल्या गृहस्थांच्या बाबतीत तिथे एकाहून थोडं जास्त आहे, आणि त्यांचा चेहरा ‘त्यांचा’ वाटतो तो त्या जास्तीमुळेच. तुम्ही नियमाप्रमाणे एक डोळा मोजून ठेवलात, म्हणून चुलतभाऊ आला. मग उभ्या रेषा बघा. नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवरून पेन्सिल उभी धरली तर ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून जाते, की आत, की बाहेर? ओठांचे कोपरे बाहुलीच्या खाली येतात, की अलीकडेच संपतात? या ‘की’च्या उत्तरांत माणूस असतो. डोळ्यांतली चमक कितीही घोटली तरी तो तिथे सापडायचा नाही.

अर्धवट_स्केच:

काटकोनताईंना अनुमोदन. फोटोबद्दल एक जोडतो. जोडलेला फोटो हाताच्या अंतरावरून काढलेला सेल्फी दिसतोय. इतक्या जवळून नाक पुढे येतं, कान मागे पळतात, चेहरा निमुळता होतो. तुम्ही तो अगदी बरोबर काढला असता तरी घरचे म्हणाले असते, काहीतरी वेगळं दिसतंय. आपण माणसांना इतक्या जवळून बघत नाही. दीड-दोन मीटरवरून काढलेला, एकाच बाजूने उजेड असलेला फोटो घ्या.

आणि फोटोवरूनच कशाला? आपला डावा हात कायम हजर असतो, पैसे मागत नाही, फार हलत नाही. फोटोत जगाचं सपाट चित्र आधीच कुणीतरी करून दिलेलं असतं. प्रत्यक्ष वस्तू बघून काढताना ते काम आपल्याला करावं लागतं. बूट, चुरगळलेला कागद, खुर्ची, काहीही चालेल. खुर्ची काढताना खुर्ची न बघता पायांमधली रिकामी जागा काढून पाहा. त्या जागेला नाव नसतं, त्यामुळे डोक्यात तयार असलेलं खुर्चीचं चित्र मधे लुडबुडत नाही.

लोकांना विचारायचं कसं, या दुसऱ्या प्रश्नावर माझं ठाम मत आहे: आपण चित्र चुकीच्या वेळी दाखवतो. रात्री जागून पूर्ण शेडिंग केलेलं चित्र पुढे ठेवलं तर डोळा चुकलाय असं कुठला भला माणूस सांगेल? सांगून उपयोग काय, तुम्ही सगळं खोडणार थोडेच? तो मुकाट्याने ‘छान’ म्हणतो आणि सुटतो. मांडणीच्या टप्प्यावर दाखवा, ओबडधोबड असताना. मूळ फोटो शेजारी लावा. प्रश्न एकच विचारा आणि असा विचारा की ‘छान’ हे त्याचं उत्तरच होऊ शकणार नाही. ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न बाद. ‘जबड्याची डावी बाजू फोटोपेक्षा रुंद आहे का?’ हा चालेल.

घरच्यांना कमी लेखू नका. त्यांना चित्रकला येत नसेल, पण चेहरे आपल्याइतकेच ओळखता येतात. त्यांना ‘आवडलं का’ विचारू नका. विचारा, ‘हा माणूस फोटोपेक्षा वयाने मोठा दिसतोय की लहान? रागावलेला वाटतो का?’ आणि मग म्हणा, ‘खटकतंय तिथे बोट ठेव.’ बोट बहुतेक वेळा बरोबर जागी पडतं. कारण मात्र ते चुकीचं सांगतात. ‘ओठ जाड झालेत’ म्हणतील आणि प्रत्यक्षात ओठ आणि नाक यांच्यातलं अंतर कमी झालेलं असेल. जागा त्यांची घ्या, कारण आपलं आपण शोधा. तीन वेगळ्या लोकांची बोटं एकाच ठिकाणी आली तर वाद घालत बसू नका.

काटकोन:

बोटाचं अगदी पटलं. फक्त ‘बिनधास्त बोला’ या आमंत्रणाबद्दल थोडं सावध करते. व्हॅन गॉगने 1880 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि बराचसा स्वतःच शिकला. शार्ल बार्गच्या सरावाच्या नमुनाचित्रांच्या नकला त्याने पुन्हा पुन्हा केल्या. 1885 मध्ये ‘बटाटे खाणारे’ या विषयाचं शिळाछापाचं चित्र त्याने चित्रकार मित्र व्हॅन रॅपार्डला पाठवलं. रॅपार्डने उत्तरात त्याची सालटी काढली: उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं काही असायला नको का, त्याचा हात इतका आखूड का, नाक अर्धंच का. व्हॅन गॉगने ते पत्र परत पाठवून दिलं. त्यांची मैत्री त्यानंतर काही सावरली नाही.

आता रॅपार्ड नेमकं बोलत होता. चूक कुठल्या अवयवात आहे ते सांगत होता, म्हणजे आपण आत्ता जे मागतोय तेच. पण व्हॅन गॉगला त्या चित्रात हवं होतं ते वेगळंच, कष्टाने राबलेल्या हातांनी ती माणसं जेवतायत हे दिसणं. त्याबद्दल त्याला ना विचारलं गेलं ना सांगितलं गेलं. म्हणून चित्र दाखवताना आपण कशाच्या मागे आहोत तेही एका ओळीत लिहावं. ‘मला साम्य हवंय, शैली नको’ असं तुम्ही लिहिलंत तर कुणी तुम्हाला ‘रेषा मोकळी करा, भावना आणा’ असं सांगत बसणार नाही. आणि सालटी काढणाऱ्याच्या पत्रात गुडघ्याचा मुद्दा खरा असेल तर तेवढा उचलायचा. मैत्रीचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

घोटीव:

मंडळी, काय बोलू. पट्टी लावून पाहिली, डोळे खरंच वर गेलेत. पुठ्ठा तिरपा धरून, दुसरा फोटो घेऊन नुसती मांडणी केली. अंदाज लिहिला होता ‘नाक लांब’. एकावर एक ठेवून पाहिलं तर नाक ठीक, हनुवटीच आखूड आहे, त्यामुळे नाक लांब वाटत होतं! बहिणीला दाखवून बोट ठेवायला सांगितलं तर तिने हनुवटीवरच ठेवलं, आणि म्हणाली, ‘हा चिडलाय का?’

अजून दोन शंका. फोटोवर आणि कागदावर चौकटी आखून म्हणजे ग्रिडने काढणं ही फसवणूक आहे का? काही जण फार नाकं मुरडतात. आणि माझं शेडिंग जवळून छान पण लांबून राखाडी, सपाट दिसतं. बोटाने पुसून गुळगुळीत करतो. HB आणि 2B पेन्सिली वापरतो.

अर्धवट_स्केच:

शेडिंगचं मी घेतो. आधी बोट बंद. त्वचेचं तेल कागदाला लागतं आणि त्या जागी नंतर शिसं सारखं बसत नाही, डाग उठतात. पुसायचंच असेल तर कागदाची वळी किंवा कोरडा ब्रश. पण सपाटपणा त्याच्यामुळे नाही. तुम्ही काळ्याला घाबरता. डोळे किलकिले करून फोटो बघा, बारकावे जातील आणि उजेड नि सावली असे दोनच मोठे तुकडे उरतील. मग त्याच किलकिल्या डोळ्यांनी चित्र बघा. तुमच्याकडे सगळं मधल्या राखाडीत आहे. 4B किंवा 6B आणा, त्या जास्त मऊ आणि गडद असतात, मानेखालची आणि केसांतली सगळ्यात गडद जागा आधी भरून टाका, म्हणजे बाकीच्या छटा किती गडद हव्यात ते तिच्याशी ताडून बघता येईल.

आणि सावलीच्या भागात जबड्याच्या कडेला जो परावर्तित उजेड तुम्ही दाखवलाय तो फार पांढरा झालाय. तो सावलीतलाच उजेड आहे. उजेडातल्या गालापेक्षा तो कायम गडदच ठेवायचा. एवढं एक केलंत तरी चेहऱ्याला गोलाई येईल.

रेघोट्या:

ग्रिडला फसवणूक म्हणणाऱ्यांना हरकत काय आहे तेच मला कळत नाही. चित्र बघणाऱ्याला चौकटी दिसतात का?

काटकोन:

बघणाऱ्याला नाही दिसत, रेघोट्या, पण प्रश्न शिकणाऱ्याचा आहे. फसवणूक वगैरे काही नाही. व्हॅन गॉगने स्वतः 1882 मध्ये दोऱ्या ताणलेली लाकडी चौकट करून घेतली होती, तिच्यातून तो देखावा बघायचा. चित्र कुणाला वेळेत द्यायचंय, तर खुशाल चौकटी आखा. शिकायचंय, तर एक अडचण आहे: बारीक चौकटींत डोळा कुठे येतो ते चौकटच सांगते, तुम्हाला मोजावं लागत नाही. उद्या चौकट काढून घेतली की पुन्हा मूळपदावर. म्हणून चौकटी मोठ्या करत जा. आधी सहा उभ्या सहा आडव्या, मग तीन तीन, मग मधोमध एकच उभी आणि एकच आडवी रेषा. शेवटी त्याही कागदावर नको, फक्त फोटोवर. घोटीव, तुम्ही सरळ शेवटून दुसऱ्या पायरीवर या, त्याआधीचं तुम्हाला लागणार नाही.

नवीन मांडणी पाहिली. हनुवटी बहिणीने सांगितलीच आहे, तिथे मी काही बोलत नाही. कान बघा. वरची कड भुवईच्या पातळीला आणि पाळी नाकाच्या टोकाखाली, असं फोटोत दिसतंय. तुम्ही पूर्ण कानच अर्ध्या डोळ्याएवढा खाली सरकवलाय. चष्म्याची दांडी त्यामुळे उतरती झालीय, आणि ते बहिणीला चिडल्यासारखं वाटण्याचं निम्मं कारण ती दांडी असेल. कान वर घ्या, दांडी फोटोतल्या कोनात पेन्सिल धरून तपासा, मग पुन्हा टाका. शेडिंग अजून सुरू करू नका.